उजव्या बाजूचं अक्षर

चियातुरात खाणीवर जायला तारेवरचे पाळणे आहेत,
इस्पितळात यायला एकशे बारा पायऱ्या.
छाती दाखवायला येणारा माणूस
अर्धी तपासणी पायऱ्यांवरच उरकून येतो,
असं नाझिब्रोला म्हणते.
ती या खोलीत चौतीस वर्षं आहे.
मी तीन आठवडे.

पहिल्या दिवशी तिनं मलाच पाटीसमोर उभं केलं.
यंत्र बंद, किल्ली तिच्या खिशात.
"हनुवटी वर. हात उलटे कमरेवर.
आता कोपरं पुढं ढकल, भिंतीला कवेत घ्यायचंय तुला.
खवाटे बाजूला सरकले पाहिजेत,
फुफ्फुसावर सावली नको त्यांची."
गार पाटी छातीला लागली, मी दचकले.
"हे लक्षात ठेव," ती म्हणाली,
"पुस्तकात गारठा लिहीत नाहीत."

मग बोटांनी शिकवलं:
मान वाकवली की जो मणका वर येतो तो सातवा,
तिथून वीतभर खाली किरणांचा मध्य.
जाड माणसात हाड शोधत हिंडायचं नाही,
बोट टेकवून थांबायचं.
आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.
बेशुद्ध असला तरी विचारायचं.

आमच्या भाषेत उजवा म्हणजे मार्ज्वेना, डावा मार्त्सखेना.
दोघांचं तोंड एकच,
म्हणून शिशाची अक्षरं परक्या लिपीतली, आर आणि एल.
दुसऱ्या आठवड्यात मी एका मुलीच्या
डाव्या मनगटाशी आर ठेवलं.
नाझिब्रोला ओरडली नाही.
ते अक्षर माझ्या तळहातावर ठेवून तिनं मूठ मिटवली
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उघडू दिली नाही.

काल अंब्रोसी आला.
नखांच्या कडांत मँगनीज, पाठीवर जुना व्रण,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
खवाटे सरकवले. आर उजवीकडे, दोनदा बघून.
"श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या, आता धरा."
पहिला श्वास माणूस आपल्याला दाखवायला घेतो,
दुसरा खरा असतो.
कळ दाबली.

पडद्यावर दहा बरगड्या,
गळ्याची दोन्ही हाडं कण्यापासून सारख्या अंतरावर,
खवाटे कुठंच नाहीत.
आणि हृदय, आरच्या बाजूला.

नाझिब्रोलानं चष्मा काढला.
"मूठ पुन्हा मिटायची का?"
मी जठरातला बुडबुडा पाहिला, तोही आरकडे.
त्यानं काय ठरणार?
अक्षर चुकलं असेल तर सगळंच एकदम उलटतं,
माणूसच तसा असेल तरीही.
चित्राला विचारून उपयोग नव्हता.

परत आत गेले. विचारलं, हात लावू का?
डावीकडे तळहात ठेवला. काही नाही.
उजवीकडे ठेवला,
तिथं ते होतं,
पाणी उपसणाऱ्या पंपासारखं, आपल्या कामात.

"ठाऊक आहे मला," अंब्रोसी सदरा चढवत म्हणाला.
"सैन्यातल्या डॉक्टरनं सांगितलंय. यकृतसुद्धा पलीकडे."
मग बोलला का नाहीत?
"तुमच्या कागदावर रकाना नव्हता."

नाझिब्रोलानं स्वतः जाऊन हात ठेवला,
विचारून.
बराच वेळ ठेवला.
मग कागदावर, जिथं जागाच नव्हती तिथं,
आडवं लिहिलं: अक्षर बरोबर आहे.
खाली माझं नाव लिहिलं, तिचं नाही.

जाताना त्यानं विचारलं, "आणि फुफ्फुसं?"
वरच्या भागात धुळीचे ठिपके मी पाहिले होते,
बाजरी सांडल्यासारखे.
ते सांगणं आमचं काम नाही.
"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले,
आणि माझाच आवाज मला पाटीसारखा गार लागला.

खिडकीतून पायऱ्या दिसतात.
साधारण चाळिसाव्या पायरीवर तो थांबला,
वाऱ्याकडे पाठ केली, सिगारेट पेटवली.
एक झुरका वरवरचा.
दुसरा खोल घेतला,
आणि धरला.